निरोप कोणापर्यंत पोचला? : अफझलगंजच्या पुरापासून संघम रेडिओपर्यंत

पूर आणि दुष्काळ यांचा इतिहास बहुधा आकड्यांत लिहिला जातो. पाऊस किती पडला, घरे किती कोसळली, माणसे किती दगावली, एवढे नोंदले की वृत्तान्त पूर्ण झाला असे आपण समजतो. तथापि प्रत्येक संकटाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो व तो क्वचितच विचारला जातो. संकट येत आहे हा निरोप कोणी दिला, कोणाला दिला आणि तो वाटेत कोठे अडला? हवामानबदलाच्या आजच्या काळात या प्रश्नाला नवे गांभीर्य आले आहे. पर्यावरणाचे कार्य करणाऱ्या संस्था, शासन, वृत्तपत्रे आणि काही प्रमाणात ख्रिस्तसभाही या विषयावर बोलू लागली आहे. हे बोलणे कोणाच्या मुखातून होते, कोणाला उद्देशून होते आणि कोणाच्या कानी पडते, या अंगाने स्त्री-पुरुष समतेचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यासाठी आम्ही पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या भूमीतील तीन प्रसंग निवडले आहेत. पहिला खुद्द हैदराबाद शहरातील अफझलगंजचा, दुसरा लातूर-धाराशिव भागातला आणि तिसरा मुंबई रस्त्यावरील जहीराबाद परिसरातला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे मराठी वाचकाला ही ठिकाणे परकी वाटू नयेत. तिन्ही प्रसंग क्रमाने पाहिले असता निरोपाच्या व्यवहारात स्त्रीचे स्थान कसे बदलत गेले हे दिसते आणि ते कोठे बदलले नाही हेही दिसते.

१. अफझलगंज, १९०८

अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्यावरून पडले. मुसी नदीच्या उत्तर काठावरची ही धान्याची पेठ पुलाने जुन्या शहराला जोडलेली होती. नदीकाठी सरकारी इस्पितळ होते. आसपासच्या गौळीगुडा, जांबाग, कोठी या भागांशी मराठी कुटुंबांचाही जुना संबंध आहे. विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था याच परिसरात वाढली.

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसी व तिची उपनदी ईसी यांच्या पाणलोट क्षेत्रात विलक्षण पाऊस झाला. या क्षेत्रात लहानमोठे आठशेच्या जवळपास तलाव होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे व तोही फुटे. अशा रीतीने दोनशेहून अधिक तलाव फुटले आणि २८ सप्टेंबर रोजी ते सारे पाणी शहरात घुसले. अफझलगंज, कोळसावाडी, घांसीबाजार, चादरघाट या वस्त्यांची दाणादाण उडाली. मृतांची संख्या सर्वसाधारणपणे १५,००० च्या आसपास धरली जाते. अफझलगंजचा पूल व इस्पितळ दोन्ही पुराच्या तडाख्यात सापडले. इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसांनी जीव वाचवला. उस्मानिया इस्पितळाच्या आवारात ते झाड आजही आहे आणि शहरातील इतिहासप्रेमी व पर्यावरणप्रेमी मंडळी पुराच्या स्मृतिदिनी त्याच्या छायेत जमत आली आहेत.

या पुराची साहित्यातील सर्वांत परिचित आठवण उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आहे. त्यांची आई, पत्नी व मुलगी या तिघी पुरात वाहून गेल्या; घरातले ते एकटे वाचले. त्यांच्या शोककाव्यामुळे तो दिवस पुढच्या पिढ्यांच्या ध्यानात राहिला. येथे वाचकाने क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. पुराची कथा ज्या मुखातून आपल्यापर्यंत आली ते मुख पुरुषाचे आहे आणि कथेतील मृत तिघीही स्त्रिया आहेत. पाणी चढत असताना त्या तिघींनी काय ऐकले, कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली, बाहेर पडावे की नाही याविषयी त्यांच्यात काय बोलणे झाले, हे आता कोणालाच कळणार नाही.

त्या काळच्या हैदराबादेत खानदानी मुस्लिम व हिंदू घरांतील स्त्रिया पडद्यात राहत. तलाव फुटल्याची वार्ता चौकात, बाजारात वा मशिदीच्या पायरीशी आली, तरी ती जनानखान्याच्या आत नेण्याचा अधिकार घरच्या पुरुषालाच होता. आणि तो घरी नसेल तर निरोपही दाराबाहेरच राहणार. स्त्रियांपर्यंत पोचायचे तर स्त्रियांमार्फतच पोचावे लागते, हे त्या राज्याला ठाऊक नव्हते असे नाही. वैद्यकीच्या बाबतीत ते ध्यानात आलेले होते. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या हाताखाली हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी या क्लोरोफॉर्मची भूल देण्याच्या कामात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रवीण झाल्या होत्या. पडद्यातील रुग्णासाठी स्त्री-डॉक्टर हवी, हे मान्य झाले होते. पडद्यातील नागरिकासाठी निरोप नेणारी स्त्री हवी, हे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

सहावे निजाम महबूब अली खान यांनी नदी शांत व्हावी म्हणून तिला साडी व पूजेचे साहित्य अर्पण केले, अशी आठवण हैदराबादेत सांगितली जाते. प्रजेच्या श्रद्धेचा मान राखणारा राजा म्हणून लोक ती आदराने सांगतात व तो आदर योग्यच आहे. पण नदीला स्त्री मानून तिच्याशी बोलणाऱ्या समाजाला नदीकाठच्या स्त्रीशी बोलण्याची वाट सापडली नव्हती, ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.

पूर ओसरल्यावर चित्र पालटले. मदतकार्यात स्त्रिया पुढे आल्या. सरोजिनी नायडू आणि अमिना हैदरी यांनी पूरग्रस्तांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदके मिळाली. सरोजिनीबाईंनी आपले पदक जालियनवाला बाग हत्याकांडानंतर परत केले. संकटापूर्वीच्या बोलण्यात ज्यांना जागा नव्हती, त्यांना संकटानंतरच्या शुश्रूषेत अग्रस्थान मिळाले. १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले व त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पाणी अडवण्याची व्यवस्था झाली. घराघरांतील निरोपाची वाट मोकळी करणे हे काम धरणाच्या भिंतीने होणारे नव्हते.

२. एकाच पत्रकातील दोन संबोधने

१९०८ नंतर पडदा विरळ झाला, स्त्रिया शिकल्या, मतदार झाल्या. तरीही निरोपाची भाषा पुष्कळ काळ जुनीच राहिली. आपल्या मराठीचेच उदाहरण घ्यावे. ‘शेतकरी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको, त्याच चालीवर ‘शेतकरीण’ म्हणजे शेतकऱ्याची बायको. पेरणी, खुरपणी, काढणी, बियाण्याची राखण यांतील मोठा भाग जी करते, तिला तिच्या कामावरून नाव नाही, नवऱ्यावरून आहे. मग पावसाचा अंदाज वा पिकाचा सल्ला ‘शेतकरी बंधूंनो’ या संबोधनाने सुरू झाला तर नवल नाही.

पर्यावरणसंस्थांची पत्रके पाहिली तर त्यांत पुष्कळदा दोन संबोधने आढळतात. धरण, जंगल, कारखाना, शासनाचे धोरण यांविषयीचा मजकूर ‘नागरिक बंधूंनो’ म्हणून येतो. पाणी जपून वापरा, चूल सुधारा, कचरा वेगळा करा, हा मजकूर ‘गृहिणींनो’ किंवा ‘माता-भगिनींनो’ म्हणून येतो. म्हणजे धोरणाचा विचार करणारा तो आणि बादलीचा हिशेब ठेवणारी ती. दोघांना दोन वेगळी कर्तव्ये सांगितली जातात व त्यांतील लहान पण रोजचे कर्तव्य तिच्या वाट्याला येते. चित्रांतही हेच घडते. भेगाळलेल्या जमिनीवर डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री मुखपृष्ठावर असते, परंतु आतील लेखात, परिसंवादाच्या व्यासपीठावर वा शिष्टमंडळात ती नसते.

चिपको आंदोलनाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. २६ मार्च १९७४ रोजी गढवालातील रेणी गावचे पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी बाहेर गेले असता झाडे तोडणारे आले. त्यांना प्रथम पाहिले ते एका लहान मुलीने. तिने धावत जाऊन गौरादेवींना सांगितले, आणि गौरादेवी व गावातील इतर स्त्रियांनी झाडांना वेढा घालून ती वाचवली. येथे निरोप देणारी मुलगी, निरोप घेणारी स्त्री आणि कृती करणाऱ्याही स्त्रियाच. पुढे या आंदोलनाविषयी देशभर जे लिहिले-बोलले गेले त्यात चंडीप्रसाद भट्ट व सुंदरलाल बहुगुणा यांचे शब्द अधिक उमटले आणि स्त्रिया बहुतांशी चित्रात राहिल्या. त्या दोघांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण चळवळीतील कृती एकाची व वाणी दुसऱ्याची, असा भेद कसा पडतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

असा भेद जीवघेणाही ठरतो. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १,३८,००० माणसे मरण पावली. नंतरच्या अभ्यासांत मृतांमध्ये स्त्रियांचे व मुलांचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. सूचना दिली गेली होती. परंतु ती प्रामुख्याने पुरुषांनी पुरुषांना, बाजारात व सार्वजनिक जागी दिली. घरातील स्त्री नवऱ्याच्या परवानगीची वाट पाहत राहिली, मुले व गुरे सोडून निघणे तिला जमले नाही, आणि परक्या पुरुषांनी भरलेल्या आश्रयगृहात जाण्याचा संकोचही होता. अफझलगंजच्या जनानखान्यापासून हे अंतर ८३ वर्षांचे आहे, पण निरोपाची अडलेली वाट ओळखीची आहे. तेथील स्वयंसेवक-व्यवस्थेने पुढे स्त्रियांची मोठ्या प्रमाणावर भरती केली, हा त्या दुःखातून घेतलेला धडा होय.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हा धडा उशिराच घेतला गेला. १९९२ च्या रिओ परिषदेच्या काळात हवामानविषयक करार व जैवविविधतेचा करार हे दोन्ही सिद्ध झाले. जैवविविधतेच्या कराराच्या प्रस्तावनेत स्त्रियांच्या कार्याचा आवर्जून उल्लेख आहे; हवामानाच्या मूळ करारात स्त्रियांचा उल्लेखच नाही. हवामानाच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग वाढावा असा पहिला निर्णय २००१ मध्ये माराकेश येथे झाला, २०१४ मध्ये लिमा येथे यासंबंधी कार्यक्रम ठरला आणि २०१७ मध्ये बॉन येथे कृतियोजना मान्य झाली. बियाणे राखणारी स्त्री प्रथम दिसली. आकाशातील बदल ओळखणारी स्त्री दिसायला आणखी काही वर्षे लागली. जैवविविधता कराराच्या सदस्यराष्ट्रांची अकरावी परिषद ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबादेतच भरली होती, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

३. किल्लारी : निरोप नेणाऱ्या स्त्रिया

दुसरा प्रसंग भूकंपाचा आहे. भूकंप हवामानामुळे होत नाही, हे उघड आहे. परंतु निरोपाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे व पुढे त्याच वाटेने हवामानाचा विषय आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ज्या गावांतील घरे पूर्ण पडली नव्हती, तेथे घरमालकांनी स्वतः दुरुस्ती व बळकटी करावयाची होती. अनुदान कसे मिळते, भिंतीला कोठे आधार द्यावा, कोणती चूक पुन्हा करू नये, हे घरोघर सांगणे हा मोठा प्रश्न होता.

प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. शेकडो गावांत या स्त्रियांनी अभियंत्याचे म्हणणे घरापर्यंत व घराचे म्हणणे अभियंत्यापर्यंत पोचवले. ग्रामसभेत मागे, डोक्यावरचा पदर सावरत बसणारी स्त्री आता गावातील दुरुस्तीची माहिती ठेवू लागली व अधिकाऱ्याला प्रश्न विचारू लागली. घर बांधणे हा पुरुषाचा विषय, अशी समजूत असलेल्या समाजात हा बदल लहान नव्हता.

हीच मंडळे पुढे दुष्काळाकडे वळली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या काळात या स्त्रियांनी घरच्या शेतीपैकी सुमारे एक एकर आपल्या विचाराने करण्यासाठी मागून घेतला. ऊस व सोयाबीन यांच्याऐवजी त्या तुकड्यात डाळी, भरड धान्ये व भाजीपाला, कमी पाण्यावर व रासायनिक खतांवाचून घेतला. पैशाचे पीक बुडाले तरी घरात अन्न राहावे, हा त्यामागील हिशेब होता. या कार्याला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे विषुववृत्त पारितोषिक मिळाले. हवामानाचा सल्ला येथे ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणून आला नाही. तो एका बाईने शेजारच्या बांधावरील दुसऱ्या बाईला सांगितला आणि स्वतःचे शेत दाखवून सांगितला.

तथापि एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. संवाद सहायक ही मूलतः दुसऱ्याचा निरोप नेणारी असते. निरोप कोणता असावा हे ठरवणारे पुष्कळदा अन्यत्र असतात. ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न तिसऱ्या प्रसंगात दिसतो.

४. पस्तापूर व माचनूर : निरोपाच्या धनिणी

हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर जहीराबाद लागते. हा भाग पूर्वी मेदक जिल्ह्यात होता, २०१६ पासून संगारेड्डी जिल्ह्यात आहे. बिदर येथून जवळ आहे आणि तेथून पुढे मराठवाडा. याच भागातील पस्तापूर येथून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून कार्य करीत आहे. दूरदर्शनवर निर्माते म्हणून काम केलेले पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले. गावोगावच्या गरीब, बहुसंख्य दलित स्त्रियांचे ‘संघम’ हा या कार्याचा कणा. या स्त्रियांनी ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा यांसारखी भरड धान्ये व कडधान्ये मिश्र पद्धतीने घेतली, बियाणे घराघरांत जपले आणि कोरडवाहू जमीन म्हणजे दारिद्र्य हा समज खोडून काढला.

त्यांची दुसरी कामगिरी आमच्या विषयाशी थेट संबंधित आहे. आपल्याविषयी इतरांनी बोलण्याऐवजी आपणच बोलावे, म्हणून १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने माचनूर येथे त्यांचे ध्वनिमुद्रण केंद्र उभे राहिले. परंतु स्वयंसेवी संस्थेला रेडिओ चालवण्याची परवानगी तेव्हा कायद्यात नव्हती. दहा वर्षे त्या ध्वनिफिती तयार करून संघमच्या बैठकांत ऐकवीत राहिल्या. २००६ मध्ये शासनाचे धोरण बदलले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ९०.४ मेगाहर्ट्‌झवर ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. जनरल नरसम्मा व अल्गोल नरसम्मा या गावातीलच दोन दलित स्त्रियांनी तो चालवला. पेरणी, बियाणे, पाऊस, औषधी वनस्पती, सण, गाणी, मजुरी हे विषय; भाषा तेथीलच तेलुगू, पुस्तकी वळणाची नव्हे.

याच संघममधील स्त्रिया चित्रफिती तयार करण्यासही शिकल्या. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी स्वतःची नावे दिली. वरून खाली पाहणारा कोन हा त्यांच्या लेखी ‘पटेल शॉट’, कारण गावचा जमीनदार त्यांच्याकडे तसा पाहतो. खालून वर पाहणारा कोन हा गड्याचा, मजुराचा. डोळ्याला डोळा भिडवून घेतलेले चित्र म्हणजे ‘संघम शॉट’. संवादशास्त्राच्या अनेक ग्रंथांत जे विस्ताराने येते ते या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांनी तीन नावांत सांगितले. पर्यावरणाचे पत्रक, व्याख्यान वा प्रवचन कोणत्या कोनातून दिले जाते हे पाहण्यासाठी याहून नेमकी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. ‘माता-भगिनींनो, पाणी जपून वापरा’ हे वाक्य वरून खाली पाहते. मुखपृष्ठावरील हंडेवालीची प्रतिमा तिला उंच चढवते. पण उंच चढवलेल्या मूर्तीशी कोणी संभाषण करीत नाही. समोरासमोरचा कोन तेवढा प्रश्न विचारतो व उत्तराची वाट पाहतो. या संस्थेलाही २०१९ मध्ये विषुववृत्त पारितोषिक मिळाले.

५. दोन सावधगिरीच्या सूचना

या इतिहासावरून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. पहिली सूचना अशी की, स्त्री ही स्वभावतःच निसर्गाच्या जवळ असते, म्हणून पर्यावरण हे तिचेच क्षेत्र, असे मानणे हा समतेचा मार्ग नव्हे. वंदना शिवा यांच्या १९८८ च्या ग्रंथानंतर स्त्री व प्रकृती यांच्या नात्याचा विचार पुष्कळ झाला. त्यावर बिना अगरवाल यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप मननीय आहे. स्त्रीचे निसर्गाशी नाते तिच्या श्रमातून, तसेच जमिनीवर व पाण्यावर तिचा हक्क आहे की नाही यातून घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जी लाकडे वेचते तिला जंगल आटल्याचे प्रथम कळते. त्यासाठी तिच्या ठायी काही गूढ शक्ती असण्याची गरज नाही.

दुसरी सूचना ओझ्याविषयी आहे. निरोप नेण्याचे काम स्त्रीला दिले आणि पाणी, स्वयंपाक, मुले, मजुरी यांतील काहीच कमी केले नाही, तर समतेच्या नावाने तिच्या दिवसात आणखी एक पाळी वाढते. एक एकरावर तिचा विचार चालतो, पण उताऱ्यावर नाव पतीचेच राहते, हेही विसरता येत नाही. ध्वनिक्षेपक हाती देणे सोपे आहे. सातबारा, वेळ व निर्णय यांत वाटा देणे कठीण आहे, आणि त्यावाचून ध्वनिक्षेपकातील आवाज फार काळ तिचा राहत नाही.

६. ख्रिस्तसभेच्या अनुभवातून

हा विचार धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना अनोळखी वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रॉटेस्टंट मिशनांना असे आढळून आले की बाजारपेठेतील प्रवचन माजघरापर्यंत जात नाही. त्यातून जनाना मिशन उभे राहिले आणि ‘बायबल स्त्रिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेविका घरोघर जाऊ लागल्या. आपल्या धर्मभगिनींनी दवाखाने व शाळा यांच्या द्वारे तेच दार उघडले. पंडिता रमाबाईंनी बालपणानंतरच्या कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गमावले होते. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनाचा आश्रय दिला. दुष्काळात मुलीवर काय गुदरते हे त्यांना अहवालावरून कळले नव्हते.

परंतु आपल्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. शमरोनी स्त्री पाणी भरण्यास विहिरीवर आली आणि गावाला निरोप देणारी झाली. गावाने तो ऐकला, आणि थोड्याच दिवसांत तिला सांगितले की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर अवलंबून नाही. या वचनाचा अर्थ भाष्यकार प्रभूशी प्रत्यक्ष भेटीचा महिमा असा करतात व तो ग्राह्य आहे. तथापि निरोप स्वीकारल्यावर निरोप आणणारीला बाजूस सारण्याची मानवी सवयही तेथे डोकावते, असे आम्हांस वाटते. रिकाम्या कबरेची वार्ता घेऊन आलेल्या स्त्रियांचे बोलणे तर प्रेषितांना प्रथम वायफळ वाटले होते.

अलीकडच्या काळातही ही सवय सुटलेली नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पर्यावरणाचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या ऐरणीवर आणला. असिसीच्या संत फ्रान्सिसला अनुसरून ते पृथ्वीला बहीण व आई म्हणते. मात्र पाणी भरणाऱ्या बहिणीचा स्वतंत्र विचार त्यात फारसा येत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाला अभिमान वाटावा अशी हरित वसईची चळवळ घ्यावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव सर्वांच्या मुखी आहे व ते योग्यच आहे. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हाही त्या चळवळीचे स्मरण झाले. परंतु टँकरमुळे ज्यांच्या विहिरी आटत होत्या, ज्यांना पहाटे हंडा घेऊन दूर जावे लागे, अशा वसईच्या किती स्त्रियांचे शब्द आपल्या नोंदवह्यांत, जयंती-अंकांत वा धर्मग्रामांच्या इतिहासांत लिहिलेले सापडतील? इतिहास लिहिणारे पुष्कळदा आपणच असतो. तेव्हा हा प्रश्न प्रथम आपल्याकडेच येतो.

७. उपसंहार

मुसीचा इतिहास संपलेला नाही. १३ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने हैदराबादेत अनेकांचे बळी घेतले आणि १९०८ प्रमाणेच शहरालगतच्या तलावांचे बांध फुटले. २०२४ मध्ये मुसीच्या पात्रातील घरे हटवण्यासाठी कित्येक भिंतींवर लाल रंगात इंग्रजी अक्षरांच्या खुणा उमटल्या. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस नदीचे पाणी अफझलगंजजवळच्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. आता उपग्रह आहेत, भ्रमणध्वनीवर सूचना येतात. पण घरातील एकच भ्रमणध्वनी पुरुषाच्या खिशात कामावर गेला असेल, सूचना तिला न वाचता येणाऱ्या भाषेत असेल, किंवा भिंतीवरील लाल खुणेचा अर्थ घरधन्याला विचारा असे तिला सांगितले जात असेल, तर १९०८ चा पडदा केवळ कापड बदलून तेथेच टांगलेला आहे.

म्हणून आमच्या धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधूभगिनींनी आपापल्या ठिकाणी थोडा शोध घ्यावा, अशी विनंती आहे. आपल्या गावात वा वस्तीत पूर, उष्मा वा पाणीटंचाई यांची सूचना आली तर ती कोणाच्या हाती प्रथम येते? मिस्सानंतरच्या घोषणांत ती वाचली गेली, तर त्या वेळी चुलीपाशी, शेतावर वा आजाऱ्याच्या उशाशी असलेल्या स्त्रीला ती कोण सांगते? आणि विहिरीचे पाणी यंदा किती आधी तळाला गेले, कोणते बियाणे उगवले नाही, कोणत्या ओढ्याचा रंग बदलला, हे ज्या स्त्रीला आपल्याआधी कळले आहे, तिच्याकडे आपण ते विचारण्यासाठी कधी गेलो होतो? धर्मग्रामाच्या नोंदवहीत विवाह, बाप्तिस्मा व मृत्यू यांच्या नोंदी आपण काळजीपूर्वक ठेवतो. त्याच कपाटात एक साधी वही ठेवून तिच्या तोंडून ऐकलेले तिच्या नावानिशी लिहून ठेवावे. पुढच्या पुराचा वृत्तान्त लिहिणाऱ्याला ती वही उपयोगी पडेल, आणि पूर येण्यापूर्वी ती कोणी वाचली तर काही जीवही वाचतील.